जयपुराहून जेसलमेरपर्यंत

राजस्थानची सहल करून परतलेल्या माणसास दोन प्रश्न हटकून विचारले जातात : किल्ले किती पाहिले आणि रजया किती आणल्या? दोहोंचींहि उत्तरें मजपाशीं तयार आहेत. परंतु आज मी बोलणार आहें तें किल्ल्यांविषयीं नव्हे, रजयांविषयीं तर नव्हेच. त्या प्रवासांत आमच्या वाटाड्यानें एक गोष्ट आम्हांस सांगावयाची टाळली. ती त्यानें कां टाळली आणि पुढें ती कशी बाहेर आली, हें सांगावें म्हणून मी आज आपणांपुढें आलों आहें.

गेल्या माघांत आम्ही बावीस जण मुंबईहून निघालों. मंडळी नेहमींचीच : दोन डॉक्टर, एक वकील, निवृत्त झालेलीं जोडपीं, आणि इतिहास शिकविण्यांत उभा जन्म घालविलेल्या एक वृद्ध बाई, ज्यांना दुसऱ्या दिवसापासून सगळेजण माई म्हणूं लागले. महिना मुद्दाम निवडलेला होता. माघ शुद्ध सप्तमीच्या सुमारास नागोरास गुरांचा मोठा बाजार भरतो आणि त्याच पक्षाच्या शेवटीं, त्रयोदशीपासून पौर्णिमेपर्यंत, जेसलमेरास मरु महोत्सव असतो. जयपूर, अजमेर, पुष्कर, नागोर, जोधपूर, जेसलमेर अशी आमची वाट होती. म्हणजे हिरवळीकडून वाळूकडे, एक एक मुक्काम टाकीत.

वाटाड्या जयपूरचा. जुन्या शहरांतच जन्मलेला, पन्नाशीच्या आंत-बाहेर, आवाज भरदार, बोलणें अदबीचें. प्रत्येक वाक्याच्या शेवटीं ‘हुकुम’ म्हणावयाचा. माईंना मात्र ‘माँसा’ म्हणे. अशा माणसाच्या हातीं सांपडलें कीं प्रवासी निश्चिंत होतो. आम्हीहि झालों.

जयपूर हें शहर पाहतांना प्रथम मनांत येतें तें हें कीं, हें वाढलेलें शहर नव्हे, आंखलेलें शहर आहे. सवाई जयसिंहानें १८ नोव्हेंबर १७२७ रोजीं याचा पाया घातला. योजना करण्यांत त्याच्या पदरचा बंगाली पंडित विद्याधर भट्टाचार्य याचा मोठा वांटा होता. नऊ चौकड्या, काटकोनांत छेदणारे रुंद रस्ते, दोहों बाजूंस एका मापाचीं दुकानें. गुलाबी रंगाबद्दल जें कौतुक चालतें तें मात्र बरेंच अलीकडचें. विलायतेचा युवराज १८७६ सालीं आला तेव्हां रामसिंहानें शहर रंगविलें, आणि तो रंग पुढें शहराचें नांवच होऊन बसला. जयसिंहाला रंगापेक्षां रेषेची आवड अधिक. त्याच्या जंतरमंतरांतील सम्राट यंत्र सुमारें नव्वद फूट उंचीचें आहे आणि त्याच्या सावलीवरून दोन सेकंदांच्या फरकापर्यंत वेळ सांगतां येते. ह्या राजाच्या ज्योतिषविद्येच्या उद्योगांत त्याचा उजवा हात म्हणजे पंडित जगन्नाथ सम्राट. युक्लिडाची भूमिति त्यानें अरबीवरून ‘रेखागणित’ या नांवानें संस्कृतांत आणिली. हा जगन्नाथ महाराष्ट्रीय ब्राह्मण होता असें मानतात. वाटाड्यानें ही माहिती मोठ्या अगत्यानें दिली आणि आमच्या मंडळींत जी संतोषाची कुजबूज झाली ती त्यानें अचूक टिपली. आपल्या श्रोत्यांना काय आवडतें हें ज्याला कळतें तोच चांगला वाटाड्या.

माईंनीं तेथेंच एक भर घातली. म्हणाल्या, “जयपूर पाहावयास आलेल्या मराठी पाहुण्यांत पहिला मान कोणाचा, तुम्हांस ठाऊक आहे का? थोरल्या बाजीरावांच्या मातुश्रींचा.” ही गोष्ट आपल्या वाचनांत असेल, पण त्या ठिकाणीं उभें राहून ऐकतांना तिला निराळाच रंग चढला. बाळाजी विश्वनाथांच्या विधवा राधाबाई १७३५ च्या फेब्रुवारींत काशीयात्रेसाठीं पुण्याहून निघाल्या. पेशव्यांची आई परक्या मुलखांतून जाणार, म्हणजे लहानसान गोष्ट नव्हे. मे महिन्यांत त्या उदेपुरास पोंचल्या, तेथें राण्यानें त्यांचा सत्कार केला. जूनमध्यें त्या जयपुरास आल्या. शहर तेव्हां अवघें आठ वर्षांचें. चुन्याचा वासहि गेला नसेल. जयसिंहानें त्यांना सन्मानानें ठेवून घेतलें आणि पुढच्या वाटेची व्यवस्था लावून दिली. मथुरा, प्रयाग, काशी, गया करून त्या १७३६ च्या जूनच्या आरंभीं पुण्यास सुखरूप परतल्या. ह्या यात्रेला राजकारणाचीहि बाजू होती हें खरें. जयसिंहाला मराठ्यांशीं सख्य हवें होतें आणि त्याच सालीं बाजीराव स्वतः राजपुतान्यांत येऊन त्याला भेटला. पण राजकारण असो वा नसो, एक वृद्ध स्त्री पुण्याहून काशीपर्यंत गेली आणि वाटेंत तिच्या केसालाहि धक्का लागला नाहीं.

वाटाड्या हें लक्ष देऊन ऐकत होता. त्याला हें ठाऊक नव्हतें. “माँसा, पुन्हां सांगा,” असें म्हणून त्यानें खिशांतून वही काढली. पण तेवढ्यांत कोणाची तरी टोपी वाऱ्यानें उडाली आणि तो विषय राहिला.

दुपारीं आम्ही त्रिपोलिया बाजारांत आलों. तेथें सात मजल्यांचा एक उंच मनोरा आहे. त्याला ईसरलाट म्हणतात, सरगासूली असेंहि म्हणतात. सवाई जयसिंह १७४३ सालीं वारला, त्याच्यामागून गादीवर आलेल्या ईश्वरीसिंहानें राजमहालच्या लढाईंतील विजयाचें स्मारक म्हणून हा १७४९ च्या सुमारास उभारिला. वाटाड्यानें विजय सांगितला, मनोऱ्याच्या शिखरावरून राजा एका मंत्र्याची रूपवती कन्या पाहत असे अशी बाजारांतील वदंता सांगितली, सर्वांना हंसविलें, आणि म्हणाला, “पुढें थोड्याच दिवसांत महाराजा वारले, हुकुम. आतां आपण लाखेच्या बांगड्या पाहूं.”

“कशानें वारले?” माईंनीं विचारलें.

“राजकारणाचे दिवस होते, माँसा.”

माई कांहीं बोलल्या नाहींत. परंतु रात्रीं जेवणाच्या वेळीं त्या त्याच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. मी समोरच होतों. त्यांनीं सरळ विचारलें, “तुम्हांला ठाऊक आहे आणि तुम्ही सांगितलें नाहीं. खरें ना?” तो थोडा वरमला. मग म्हणाला कीं महाराष्ट्रांतून मंडळी आली म्हणजे मी तो भाग गाळतों. एकदां सांगितला होता. त्यानंतर गाडींत अजमेरपर्यंत कोणी बोललें नाहीं, आणि एका गृहस्थांनीं उतरतांना मला शिवाजी महाराजांवर व्याख्यान दिलें. “पाहुण्यांना त्यांच्या आजोबांची फिर्याद कशाला सांगावयाची, हुकुम?”

ती फिर्याद अशी. जयसिंहानें तरुणपणीं उदेपूरच्या राजकन्येशीं लग्न करतांना कबूल केलें होतें कीं तिच्या पोटीं मुलगा झाल्यास गादी त्याची. पण मोठा मुलगा ईश्वरीसिंह, दुसऱ्या राणीचा. उदेपूरचा भाचा माधवसिंह धाकटा. बाप गेल्यावर तंटा उभा राहिला, आणि दोघाहि भावांनीं निवाड्यासाठीं मराठ्यांकडे पाहिलें. शिंदे ईश्वरीसिंहाकडे कलले, होळकर माधवसिंहाकडे. न्याय कोणाच्या बाजूस याचा खल पुण्यास पुष्कळ झाला, परंतु तराजूच्या पारड्यांत दोहोंकडून पडत होते ते रुपये. १७४८ च्या ऑगस्टांत बगरूच्या लढाईंत मल्हाररावांनीं ईश्वरीसिंहास नमविलें आणि त्याच्या माथीं मोठी खंडणी बसली. ती देण्याचें सामर्थ्य त्याला नव्हतें. त्यांतच त्यानें आपला कर्ता दिवाण केशवदास यास संशयावरून विष देऊन मारविलें. केशवदासाचें आणि मल्हाररावांचें सख्य होतें. १७५० च्या डिसेंबरांत मल्हारराव जयपुरावर चालून आले तेव्हां थकलेल्या रकमेबरोबर ह्या खुनाचाहि जाब विचारावयाचा होता.

लढण्यास सैन्य नाहीं, देण्यास पैसा नाहीं, सल्ल्यास माणूस नाहीं. औषधासाठीं हवा म्हणून राजानें एक नाग आणि कांहीं विष मागविलें, आणि रात्रीं महालांत प्राण दिला. त्याच्या राण्यांनींहि विष घेतलें. जयपूरच्या राजांच्या छत्र्या शहराबाहेर गैटोर येथें आहेत. ईश्वरीसिंहाची तेवढी तेथें नाहीं. ती राजवाड्याच्या बागेच्या अंगाला, एकटीच आहे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं सगळी मंडळी खरेदीस गेली असतां आम्ही तिघे ती पाहून आलों.

हें झालें अर्धें. उरलेलें अर्धें मीं पूर्वीं वाचलेलें होतें, पण त्याचा अर्थ मला जयपुरांतच कळला. माधवसिंह गादीवर बसला. शिंद्यांकडून जयाप्पाहि येऊन पोंचले. आतां मित्रत्वाचे दिवस आले असें समजून १७५१ च्या जानेवारींत एके दिवशीं मराठ्यांच्या छावणींतील हजारों माणसें शहरांत शिरलीं. कशासाठीं? लुटीसाठीं नव्हे. नवें शहर पाहण्यासाठीं! रस्ते पाहावे, देवळें पाहावीं, बाजारांत कांहीं घ्यावें, ह्यासाठीं. आम्ही ज्यासाठीं आलों होतों त्याचसाठीं. दुपारीं वेशी बंद झाल्या आणि सगळें शहर त्यांच्यावर उठलें. मध्यरात्रीपर्यंत कत्तल चालली. मेलेल्यांची संख्या इतिहासकार हजारांत मोजतात. तटावरून उड्या टाकून कांहीं जण हातपाय मोडून वांचले. आसपासच्या खेड्यांतून आमचे डाकेचे जासूदहि ठिकठिकाणीं मारले गेले. नवा राजा म्हणाला, हें माझ्या हुकमानें झालें नाहीं. आणि तें खरेंहि असावें, कारण एवढा राग हुकमानें येत नाहीं. शिंदे-होळकरांनीं झालें तें गिळलें. त्यांना दुआबांत सफदरजंगाच्या मदतीस जावयाचें होतें.

राधाबाईंचा सत्कार आणि ही कत्तल, यांमध्यें सोळा वर्षें गेलीं. शहर तेंच, रस्ते तेच. ज्या व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवरून पेशव्यांच्या मातुश्रींचा मेणा गेला असेल, त्यांतले कित्येक व्यापारी १७५१ सालीं जिवंतच असणार. आम्ही शाळेंत ही सोळा वर्षें ‘मराठ्यांचा उत्तरेंतील विस्तार’ या मथळ्याखालीं शिकलों. माईंनीं तर तीं शिकविलीं होतीं. “तीस वर्षें शिकविलीं,” त्या म्हणाल्या, “पण फळ्यावर बाण काढले कीं ते नेहमीं दक्षिणेकडून उत्तरेकडे. त्यांच्या टोंकाशीं घरें असतात हें मुलांना दिसत नाहीं.”

अजमेर जयपुरापासून ऐशीं मैलांवर. त्या शहराबद्दल बोलावयाचें तर दर्ग्यापासून आनासागरापर्यंत पुष्कळ आहे. तें दुसऱ्या एखाद्या भाषणासाठीं ठेवतों. पुष्करहि मी लवकर ओलांडणार आहें. कार्तिकी पौर्णिमेच्या जत्रेचें वर्णन आपण इतक्या वेळां ऐकलें आहे कीं मला नवें सांगण्याजोगें थोडें. माघांत पुष्कर शांत असतें. सरोवराला बावन्न घाट आहेत, त्यांत एक ग्वाल्हेर घाट आहे. ब्रह्मदेवाचें जें देऊळ पाहण्यास सारें जग येतें, त्याचा हल्लींचा जीर्णोद्धार १८०९ च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा मंत्री गोकुळ पारख यानें केला; टॉडसाहेबांनीं त्याचा खर्च एक लक्ष तीस हजार रुपये झाल्याचें लिहून ठेविलें आहे. अहिल्याबाईंच्या धर्मकृत्यांच्या यादींतहि पुष्कराचें नांव आहे. वाटाड्यानें हें सारें न चुकतां सांगितलें. आतां मात्र त्याच्या सांगण्यांत थोडा फरक पडला होता. देऊळ सांगून झाल्यावर तो क्षणभर थांबला, माईंकडे पाहिलें आणि म्हणाला, “आणि अजमेर शिंद्यांकडे कसें आलें, तें नागोरास सांगेन.”

नागोर हें सहलींच्या नकाशांत सहसा नसतें. अजमेराहून वायव्येस शंभर मैल जावें, झाडें खुजीं होत जातात, विहिरी दूर दूर जातात, आणि मग सपाट मैदानांत एकाएकीं एक मोठा भुईकोट दिसतो. गांव लहान, इतिहास मोठा. अकबराच्या अबुल फजलाचा बाप शेख मुबारक येथचा. आग्र्याच्या भर दरबारांत १६४४ सालीं सलाबतखानास ठार करणारा अमरसिंह राठोड येथचा. एक बिघा जमीन स्वतः कसून त्यावर राहणारा आणि मांस वर्ज्य करणारा सूफी हमीदुद्दीन नागोरी येथेंच निजला आहे. आणि पंचायत राज्याचा आरंभ पंडित नेहरूंनीं २ ऑक्टोबर १९५९ रोजीं केला तोहि येथेंच. एवढें असून प्रवासी येत नाहींत, ही नागोरकरांची तक्रार मला रास्त वाटली.

आम्ही गेलों तेव्हां गांवाबाहेरचें मैदान गुरांनीं फुललें होतें. नागोरी बैल म्हणजे पांढरा, उंच, सडपातळ, पायानें चपळ. गाडीला जुंपला कीं धांवतो, चालत नाहीं. त्याच्या शिंगांना रंगीत गोंडे, गळ्यांत कवड्यांच्या माळा. उंट, घोडेहि होते, पण बाजाराचा राजा बैलच. सौद्याची रीत आपल्याकडील गुरांच्या बाजारासारखीच निघाली : रुमालाखालीं हातांत हात घालून बोटांनीं किंमत ठरवावयाची. आमच्यांतील वकील तें पाहून फार खूष झाले. ट्रॅक्टर आल्यापासून बैलाला गिऱ्हाईक कमी, हें मात्र प्रत्येक विकणाऱ्याच्या तोंडीं होतें. एका म्हाताऱ्यानें आपली जोडी विकली आणि मग बराच वेळ रिकामें दावें हातांत धरून तो तिथेंच उभा राहिला. वाटाड्या म्हणाला, हा नेहमींचाच देखावा आहे, हुकुम, त्याचा फोटो काढूं नका. कोणी काढला नाहीं.

तेथून जवळच ताऊसर नांवाचें गांव आहे. दुपारीं माई, मी आणि वाटाड्या एक जीप ठरवून तेथें गेलों. जयाप्पा शिंद्यांची छत्री तेथें आहे.

मारवाडांतहि गादीचाच तंटा होता. रामसिंह आणि विजयसिंह हे दोघे चुलतभाऊ. जयाप्पा रामसिंहाच्या बाजूस. १७५४ च्या सप्टेंबरांत विजयसिंहाचा पराभव झाला, तो पळून नागोरच्या कोटांत शिरला आणि जयाप्पांनीं वेढा घातला. कोट सपाटीवरचा, पण पडेना. पाणी दुर्मिळ, उन्हाळा भयंकर, पैसा संपत आलेला. पेशव्यांचा सल्ला तडजोड करून मोकळें होण्याचा होता. जयाप्पा हट्टास पेटले. दहा महिने असे गेले. २५ जुलै १७५५ रोजीं ते स्नान करून उठत असतां मारेकऱ्यांनीं त्यांना गांठलें. मारेकरी वाण्याच्या वेषांत आले कीं तहाच्या बोलण्यास आलेल्या वकिलांबरोबर आले, याविषयीं मराठी आणि राठोडी हकिकती जुळत नाहींत. पुढें जें झालें त्याविषयीं मात्र वाद नाहीं. छावणी पिसाळली. मेवाडच्या राण्याच्या वतीनें मध्यस्थीस आलेला सलूंबरचा रावत जैतसिंह हा ह्या कटांत नसतांनाहि आमच्या लोकांनीं त्याला माणसांसह कापून काढलें. धाकट्या दत्ताजीनें वेढा तसाच चालविला. दुसऱ्या सालीं तह झाला, त्यांत दंडाचे पन्नास लक्ष ठरले आणि अजमेर शिंद्यांना मिळालें. राजपुतान्यांत ह्याला मुंडकटी म्हणतात : माणसाच्या शिराबद्दल दिलेली जमीन. अजमेरचें शहर, त्याचा तारागड, त्याचीं सरोवरें, हीं सगळीं जयाप्पांच्या शिराची किंमत.

मधलीं कांहीं वर्षें राठोडांनीं तें परत घेतलें. १७९० सालीं पाटण आणि मेडतें येथें महादजींच्या कवायती पलटणींनीं त्यांचा मोड केल्यावर तें पुन्हां शिंद्यांकडे आलें, आणि १८१८ सालीं दौलतरावांनीं तें इंग्रजांच्या हवालीं केलें. त्याच वर्षीं जयपूर, जोधपूर, उदेपूर एकामागून एक इंग्रजांच्या तहाखालीं गेलीं. मराठ्यांपासून सुटका हवी, ही त्या तहांमागची मोठी इच्छा होती. १७६१ सालीं पानिपतावर राजपूत राजे कां आले नाहींत, असा प्रश्न आपण दरवर्षीं संक्रांतीच्या सुमारास विचारतों. तो प्रश्न मला ताऊसरास विचारवला नाहीं.

छत्रीपाशीं माई बराच वेळ बसल्या. वाटाड्यानें जोडे काढले होते. त्यानें ह्या वेळीं सारी हकीकत सांगितली, कांहींहि न गाळतां, आणि त्याच्या बाजूनें सांगितली. विजयसिंहाच्या उपाशी शिबंदीबद्दल, चौथाईच्या तगाद्याबद्दल, ओस पडलेल्या गांवांबद्दल. त्याच्या सांगण्यांत ‘तुमचे लोक’ आणि ‘आमचे लोक’ असे शब्द येत होते. माईंनीं एक-दोन ठिकाणीं सालें दुरुस्त केलीं. एके ठिकाणीं त्यानें माईंचें साल दुरुस्त केलें.

जोधपुरास आम्ही एकच दिवस होतों. मेहरानगड पाहून मन दडपून जातें. त्याच्या तटाखालचा खडक आणि तटाचा दगड कोठें जुळतात तें डोळ्याला कळत नाहीं. राव जोधानें १४५९ सालीं शहर वसविलें. गडाच्या जयपोळीची कथा सांगतांना वाटाड्यानें उदेपूरच्या कृष्णाकुमारीची हकीकत ओघानें सांगितली : तिच्या हातासाठीं जयपूर आणि जोधपूर लढले, शिंदे, होळकर आणि अमीरखान आपापले डाव खेळले, आणि शेवटीं १८१० सालीं घरच्यांनींच त्या मुलीला विष पाजलें. गाडींत शांतता पसरली. परंतु ह्या खेपेस ती लवकर मोडली, कारण आमच्या डॉक्टरांनीं विचारलें, “जयपुरांतहि तुम्ही कांहीं गाळलें होतें असें ऐकतों. तें काय?” मग जोधपूर ते जेसलमेर ह्या सुमारें पावणेदोनशें मैलांच्या वाटेंत, फलाट नसलेल्या स्टेशनांवरून आणि खेजडीच्या विरळ झाडांतून गाडी जात असतां, त्यानें सर्वांस १७५१ ची दुपार सांगितली. कोणीं व्याख्यान दिलें नाहीं. एका बाईंनीं मात्र विचारलें, “त्या माणसांच्या घरीं कोंकणांत, देशावर केव्हां कळलें असेल?” तेवढें मात्र त्याला सांगतां आलें नाहीं, आणि आम्हांलाहि नाहीं.

जेसलमेर दुरून दिसतें तें वाळूच्याच एका उंच लाटेसारखें. त्रिकूट टेंकडीवरचा पिंवळ्या दगडाचा किल्ला, नव्याण्णव बुरूज, आणि आंत अजून हजारों माणसांची वस्ती. राव जैसलानें ११५६ सालीं हें शहर वसविलें. सिंधकडे जाणाऱ्या उंटांच्या तांड्यांवरील जकातीनें तें श्रीमंत झालें. पटव्यांच्या पांच हवेल्या पाहिल्या म्हणजे त्या पैशाची कल्पना येते. दगडाला त्यांनीं जाळीचें वस्त्र केलें आहे. मग मुंबई बंदर वाढलें, माल समुद्रानें जाऊं लागला, आणि वाळवंटांतील सावकार मालाच्या मागोमाग मुंबईस आले. १९४७ सालीं सिंधची वाटच बंद झाली. म्हणजे जेसलमेर ओस पडण्यास आमची मुंबईहि थोडीशी कारण आहे; पण त्यांत कोणाचें रक्त सांडलें नाहीं.

किल्ल्याच्या दारांत वाटाड्यानें हंसत हंसत जाहीर केलें, “हुकुम, ह्या शहरांत मला कांहींच गाळावें लागत नाहीं. येथें मराठे आलेच नाहींत.” खरेंच आहे. एवढ्या वाळूपलीकडे चौथ वसूल करावयास येणें परवडत नव्हतें. सगळी मंडळी हंसली. माई सर्वांत मोठ्यानें.

मरु महोत्सव हा कांहीं पुरातन उत्सव नव्हे. प्रवाशांसाठीं म्हणून १९७९ सालीं तो सुरू झाला आणि तें तो लपवीत नाहीं. मिशांची स्पर्धा, पगडी बांधण्याची स्पर्धा, उंटांच्या शर्यती, सीमेवरील जवानांच्या उंटदळाच्या कसरती. पगडीच्या स्पर्धेंत आमचे वकील उतरले आणि त्यांनीं जें कांहीं डोक्याला गुंडाळलें त्याला पगडी म्हणणें धाडसाचें ठरेल. उंट मात्र कमी होत चालले आहेत. राजस्थानांत २०१२ च्या गणतींत ते सव्वातीन लाखांच्या वर होते, २०१९ च्या गणतींत सव्वादोन लाखांहूनहि कमी भरले. सरकारनें २०१४ सालीं उंटाला राज्याचा प्राणी ठरविलें आणि पुढच्याच वर्षीं त्याला राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध घातला. हेतु रक्षणाचा, पण उंट पाळणारे राईका म्हणतात, विकतां येत नाहीं तें जनावर पोसावें कसें? रस्ते झाले, मोटारी आल्या, चरण्याचीं रानें गेलीं. उंटाला आतां काम उरलें आहे तें मुख्यतः आमच्यासारख्यांना पाठीवर घेऊन फोटोंत उभें राहण्याचें.

पौर्णिमेच्या रात्रीं सर्वांना पंचवीस मैलांवरच्या समच्या टेंकड्यांवर नेतात. चंद्र वर आला कीं वाळू निळसर दिसूं लागते आणि थंडी पायांतून चढते. तेथें मांगणियारांचें गाणें झालें. हे गायक मुसलमान. त्यांचे पिढीजात यजमान बहुतेक हिंदू, राजपूत. यजमानाच्या घरीं जन्म झाला, लग्न झालें, मरण आलें कीं मांगणियारानें जाऊन गावयाचें आणि त्याच्या पूर्वजांचीं नांवें, पराक्रम म्हणावयाचे. त्या म्हणण्याला शुभराज असें नांव आहे. बदल्यांत धान्य, बकरी, उंट, मान. ते वाजवितात तें कमायचा नांवाचें वाद्य, पोटाशीं गोल, कातड्यानें मढविलेलें, तांतीच्या तारांचें. त्याचा आवाज सारंगीपेक्षां खोल, थोडा घोगरा. जोधपूरचे कोमल कोठारी यांनीं १९६० नंतरच्या काळांत ह्या मंडळींना गांवांतून व्यासपीठावर आणिलें, त्यांचीं गाणीं ध्वनिमुद्रित केलीं. हमीरा गांवच्या साकर खानांना कमायच्यासाठीं २०१२ सालीं पद्मश्री मिळाली.

‘केसरिया बालम’ झालेंच. तें झाल्याशिवाय प्रवाशांना सोडीत नाहींत. मांडेची चाल आपल्या नाट्यसंगीतालाहि परकी नाहीं, त्यामुळें आमची मंडळी डोलूं लागली. मूळचें गाणें दूर गेलेल्या प्रियकराच्या वाटेकडे डोळे लावणाऱ्या स्त्रीचें आहे. आतां तें प्रवासी खात्याचें निमंत्रण झालें आहे. मला त्याचें वाईट वाटलें नाहीं. कंठ खरा होता.

गाणें संपल्यावर म्हाताऱ्या गायकानें विचारलें, मंडळी कोठली? आपल्या यजमानांच्या पंधरा-पंधरा पिढ्या ज्याच्या जिभेवर, त्याला हा प्रश्न सहज सुचणारा. वाटाड्यानें सांगितलें, “दक्खनची.” म्हाताऱ्यानें थोडा विचार केला. दक्खनच्या कोणत्याहि घराण्याचा शुभराज त्याच्यापाशीं नव्हता. त्यानें तसें स्पष्ट सांगितलें, आणि त्याऐवजीं एक पावसाचें गाणें गाऊन दाखविलें.

परतीची गाडी दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं होती. स्टेशनावर वाटाड्यानें सर्वांचें सामान मोजलें, बावीस माणसें मोजलीं, आणि मग वही काढून माईंच्या शेजारीं बांकावर बसला. जयपुरांत अर्धवट राहिलेलें त्याला लिहून घ्यावयाचें होतें. माई सांगत होत्या, तो देवनागरींत मोठ्या अक्षरांत लिहीत होता : राधाबाई, बाजीरावांच्या आई, फेब्रुवारी १७३५ पुण्याहून, मे उदेपूर, जून जयपूर.

“पुढच्या महाराष्ट्राच्या मंडळींना हें सांगतों, माँसा. फार आवडेल त्यांना.”

“सांगा ना,” माई म्हणाल्या. “पण त्याच्या खालीं १७५१ पण लिहा. दोन्ही एकाच पानावर.”

त्यानें लिहिलें. गाडीला अजून वीस मिनिटें होतीं. मी चहा आणावयास गेलों.